हाताची घडी

जुलैतली पहाट. सातवा महिना. गाऊनवर ओला डाग दिसला आणि मी नवऱ्याला उठवून थेट कवेलूवर चढवलं. भंडाऱ्याच्या पावसात घर गळणारच, यात मला शंका नव्हती. तो बिचारा दोन कवेलू सरकवून आणि एक फोडून खाली आला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच, तेवढाच. छप्पर इतकं नेमकं गळत नाही, हे आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या मला आशाताईंनी सांगावं लागलं. "मॅडम, चीक होय तो. कोणाकोणाला आधीच येते. दाबून पाहू नका फक्त."

पुस्तकात सगळं होतं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून चीक तयार व्हायला लागतो. वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन पुढचा लोंढा अडवून धरतं. वार पडली की दोन-तीन दिवसांत गोसीखुर्दचे 33 दरवाजे एकदम उघडल्यासारखं होतं, हे मात्र पुस्तकात नव्हतं. दरवाजे कधी उघडायचे ते ऑक्सिटोसिन ठरवतं, आणि ऑक्सिटोसिनला कुणाचंही बाळ चालतं. टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीतलंसुद्धा.

"म्हस नाही का बादली वाजली का पान्हावते," सासूबाई म्हणाल्या. "तिले काय मालूम, बादली कोनाची?"

बाळ झाल्यावर अशा अवस्थेत साकोलीला चुलतनणंदेच्या लग्नाला गेले. बाळ सासूबाईंजवळ घरी. अंगावर मोहाडीकडची करवती काठाची टसर, आत जुन्या धोतराच्या चौघडी घड्या. टसरवर पाण्याचा थेंब पडला तरी डाग उठतो, हे ठाऊक असूनही तीच नेसले. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आरशात बरी दिसले होते ना! मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता उडाल्या, आणि एक अक्षता कुणाच्या तरी तान्ह्याच्या नाकावर बसली. त्याने टाहो फोडला. भटजींनी 'सावधान' म्हणायच्या आत माझ्याकडे पान्हा फुटला होता. उजवी घडी सरकून केव्हाच पोटापाशी गेली होती.

अशा वेळी मनगटांनी छाती घट्ट दाबून धरली की धार थांबते, ही आशाताईंचीच विद्या. मी हाताची घडी घातली आणि विवेकानंदांच्या तसबिरीसारखी ताठ उभी राहिले. तेवढ्यात घरच्या बाळाची आठवण आली. आठवणीनेही पान्हा येतो.

मला त्या क्षणी हिरकणी आठवली. तान्ह्याच्या ओढीने ती रायगडाचा कडा उतरली, म्हणून एसटी स्टँडवरच्या पाजायच्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. तिच्या धाडसाचं कौतुक सगळेच करतात. पण पावलापावलाला बाळाचा विचार करत उतरताना तिच्या चोळीचं काय झालं असेल, हे एकाही शाहिराला सुचू नये? शाहीर सगळे पुरुष, दुसरं काय.

आणि सगळं दूध वायाच. 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. तिथे कमी दिवसांच्या बाळांसाठी हे दूध मिलीलिटरवर मोजतात. मी इकडे टसर पाजत होते.

मग आहेर आले, फोटो आले. वरमाई म्हणाली, हात खाली घ्या. मी घेतले नाहीत. पाया पडायला वाकायची पाळी आली, तेव्हा घडी न सोडता नुसती मान वाकवली. मोठ्या मामेसासऱ्यांना ते आवडलं नाही, असं नंतर कळलं.

नणंद अजूनही अल्बम काढला की विचारते, "वहिनी, माझ्या लग्नात तुम्ही रुसल्या होत्या काऊन?"