सेल्फ लागत नसल्यास करावयाचा विधी

मुहूर्त पाहण्याची गरज नाही. जुन्या मोटारसायकलचा सेल्फ मीरा रोडची लोकल गाठायच्या वेळीच बसतो. वाहनमालकाने प्रथम बटण दाबावे, मग अधिक जोरात दाबावे, मग अंगठा बदलावा. यातून काही निष्पन्न होत नाही, पण हे केल्याशिवाय पुढे गेलेला माणूस अजून पाहण्यात नाही.

एवढ्यात सोसायटीचे तज्ज्ञ मंडळ जमते. वॉचमन म्हणतो, ‘साहेब, प्लग गेला.’ तिसऱ्या मजल्यावरचे काका बॅटरी बदलायला सांगतात, कारण त्यांनी ती बदलली होती. दोघांचेही ऐकून घ्यावे, मान डोलवावी आणि उजव्या मुठीजवळचा लाल किल स्विच पाहावा. काल संध्याकाळी उभ्या गाडीवर बसून ‘भुर्रर्र’ करून गेलेल्या पोराने तो बंद केलेला असण्याची शक्यता भरपूर असते. तो चालू असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, क्लच दाबून पुन्हा प्रयत्न करावा. काही गाड्यांत क्लचचा किंवा साइड स्टँडचा स्विच आड येतो.

आता मंडळाला गप्प करून कान द्यावा. निदानाचे खरे शास्त्र आवाजात आहे. आवाजच नाही, तर फ्यूज, बटण आणि हे स्विच तपासावेत. ‘टकटकटक’ अशी झड लागली, तर रिले जिवंत आहे, पण बॅटरी उतरली आहे किंवा तिचा सांधा सैल आहे. एकच ‘टक’ आणि पुढे शांतता असेल, तर संशय रिलेच्या आतल्या संपर्कावर किंवा मोटरच्या कार्बन ब्रशवर. अशा वेळी मोटरवर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकावे. सेल्फ लागला तर ब्रश झिजलेत असे समजावे. मोटर फिरते, इंजिन मात्र ढिम्म, तर वन-वे क्लच गेलेला असतो. तिथे विधी संपतो आणि मेकॅनिकचा हिशेब सुरू होतो.

मीरा-भाईंदरकरांनी मात्र बॅटरीच्या दुकानाकडे धावण्याआधी सांधे पाहावेत. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि आसपास मिठागरे असलेल्या गावात खारी हवा वायरीच्या टोकापर्यंत पोचतेच. सेल्फची मोटर भरपूर अँपिअर प्रवाह ओढते. 50 अँपिअर धरले आणि गंजलेल्या सांध्यात 0.05 ओहम रोध असला, तर 2.5 व्होल्ट वाटेतच गडप होतात. निरोगी बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, पण हा आकडा झोपलेल्या पहिलवानाची छाती मोजण्यासारखा आहे. मीटर लावून सेल्फ दाबावा: आकडा दहाच्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्यावा. तो टिकला आणि मोटर तरीही कण्हत असेल, तर मीटरची एक काडी बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी मोटरच्या टोकाला लावून पुन्हा दाबावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले की चोर मधल्या वायरीत, सांध्यात किंवा रिलेत आहे. चेसिसच्या अर्थिंगचीही अशीच झडती घ्यावी.

साफ करताना ऋण टोक आधी सोडावे, जोडताना ते शेवटी लावावे. नाहीतर पाना चेसिसला टेकून ठिणगी उडते. टोकांवरची हिरवी-पांढरी पूड गरम पाणी आणि खायच्या सोड्याने काढावी, सांधे पॉलिश पेपरने घासावेत, घट्ट आवळावेत आणि वर व्हॅसलीन चोळावे. रिलेवर स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ मारण्याची युक्ती काही मेकॅनिक दाखवतात. बॅटरीचा वायू आणि पेट्रोल जवळ असताना ती पाहण्यातच समाधान मानावे.

1984 मध्ये कायनेटिक होंडाने बटणावर सुरू होणारी स्कूटर आणली, 2001 मध्ये पल्सर 180 सेल्फसह आली, आणि पुढे कित्येक गाड्यांवरून किक गुपचूप गायब झाली. एवढे करूनही सेल्फ लागला नाही, तर किक नसलेल्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, धक्क्याने पळवावी आणि वेग आला की क्लच सोडावा. इग्निशन बॅटरीवर चालत असेल आणि बॅटरी पार मेली असेल, तर हा घाम फुकट जातो. शिवाय मीरा रोडचे शांतीनगर, नयानगर सगळे सपाट. उतार हवा तर भाईंदरच्या उड्डाणपुलावर गर्दी असते. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी 1739 मध्ये घेतलेल्या भाईंदरजवळच्या चौक येथील धारावी किल्ल्याकडे झकास उतार आहे, पण तिथवर गाडी न्यायला आधी ती सुरू व्हावी लागते.