रिफ्रेश केलेत का?

आपला संगणक अलीकडे मंद चालतो आहे, हे वाक्य आमच्या इमारतीच्या जिन्यात कोणी मोठ्याने उच्चारू नये, कारण ते कानी पडताच आबासाहेब चष्म्याचे घर, एक पेनड्राइव्ह आणि लाल पुठ्ठ्याची नोंदवही अशा सरंजामासह दारात हजर होतात, आणि चहाला आधी नको म्हणून, मग अर्धा चालेल म्हणून, खुर्ची पुढे ओढीत पहिला प्रश्न टाकतात, "रिफ्रेश केलेत का?"

असे आबासाहेब आपल्याही परिचयाचे असतीलच, तेव्हा त्यांचे रूपवर्णन करीत बसत नाही. माऊसचे उजवे बटण दाबायचे, उघडलेल्या यादीतून 'रिफ्रेश' निवडायचे, पडद्यावरची चिन्हे क्षणभर लुप्त होऊन पुन्हा प्रकटली की संतोषाने मान डोलवायची, आणि हा विधी संध्येतील आचमनाप्रमाणे लागोपाठ अनेकवार करायचा, हा त्यांचा परिपाठ. या आज्ञेने पडद्यावरची चिन्हे नव्याने रेखाटली जातात, स्मृतीचा एक कणही मोकळा होत नाही, असे मी त्यांना एकदा साधार समजावून सांगितले. त्यांनी ते अत्यंत आदरपूर्वक ऐकून घेतले आणि "तरी एकदा करून घेऊ," म्हणत बटण दाबले. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या वादाने कोंडी झाली, तेव्हा मागील सभेचे इतिवृत्त पुन्हा पहिल्यापासून वाचावे अशी सूचना त्यांनी मांडली, ती याच श्रद्धेतून.

आबासाहेबांची उभी हयात जिल्हा कचेरीच्या अभिलेखकक्षात गेली. तेथे कागदाचे आयुष्य जन्मतःच ठरते: 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, 'ब' वर्गाचा ३० वर्षे, आणि 'ड' वर्गाच्या कागदाला १ वर्षाची मुदत. हाच कायदा त्यांनी माझ्या संगणकाला लागू केला. आरत्यांची ध्वनिमुद्रणे 'अ' वर्गात गेली, विजेची देयके 'ब' वर्गात स्थिरावली, आणि निरनिराळ्या दिवाळी अंकांसाठी मी रक्त आटवून लिहिलेले ललित लेख, शीर्षकावर नजर टाकण्याचीही तसदी न घेता, 'ड' वर्गात दाखल झाले. टेम्प नावाच्या फोल्डरातील केर त्यांनी काढला, हे रास्तच होते. परंतु प्रोग्राम पुढच्या खेपेस लवकर उघडावेत म्हणून विंडोजने प्रीफेच नावाच्या फोल्डरात करून ठेवलेली टिपणेही त्यांनी त्याच झाडूने लोटली, आणि दुसऱ्या दिवशी संगणक अधिकच रेंगाळू लागला. शिवाय काढलेल्या फायली रीसायकल बिनमध्ये जागा अडवून बसल्याच होत्या, कारण तो रिकामा करण्याची वेळ आली की आबासाहेबांना हटकून घरचे काही काम आठवे. सी ड्राइव्हची पट्टी होती तशी लालच राहिली.

खरा दोष निराळाच होता. संगणक सुरू होताच न बोलावलेले प्रोग्राम आपोआप उठत, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरून हलत नसे. जुनी फिरती हार्ड डिस्क या गर्दीपुढे थकली होती. दुकानातल्या पोराने ते प्रोग्राम बंद केले, तिच्या जागी एसएसडी बसवली, आणि यंत्र तरुण झाले. आबासाहेबांनी येऊन पाहणी केली व गंभीरपणे निदान केले, "रिफ्रेशचा गुण जरा उशिरा येतो."

अशा मनुष्याविषयी चांगले लिहिण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती. परंतु २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत संचिकांची राख झाली, तो विषय निघाला की हा बोलघेवडा गृहस्थ एकदम मुका होतो, हे मी पाहिले आहे. पुढे तळमजल्यावरच्या काकूंची हार्ड डिस्क निकामी झाली, आणि काकांनी अखेरच्या आजारपणात टंकलेला घराण्याचा कुलवृत्तांत तिच्याबरोबर गेला. त्या संध्याकाळी आबासाहेब पेनड्राइव्ह घेऊन खाली उतरले. ज्याच्या-त्याच्या घरच्या दप्तराची निंदणी करताना प्रत्येक फायलीची नक्कल ते गुपचूप आपल्याकडे आणीत होते, आणि लाल नोंदवहीत तिची रीतसर नोंद होती. फाईल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची अर्थहीन खिचडी. काकूच धास्तावून म्हणाल्या, "रिफ्रेश करू का?" आबासाहेबांनी मानेनेच नकार दिला. काकांचा तो जुना मराठी फाँटही त्यांनी जपून ठेवला होता. तो बसवताच पणजोबांपासूनची सारी नावे ओळीने उभी राहिली. काकूंनी डोळे पुसले, आणि आबासाहेबांनी नोंदवही पुढे सरकवून पोचपावतीच्या रकान्यात त्यांची सही घेतली.

माझ्या 'ड' वर्गातील लेखांची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. परवा जिन्यात गाठ पडली तेव्हा, तुम्ही ते नष्ट केले असतीलच, असे मी जरा कुचकटपणेच विचारले.

"अजून नाही," आबासाहेब दुसरीकडे पाहत म्हणाले. "नाशनाच्या आदेशावर सही करायला सक्षम अधिकारी मिळत नाही."