काटक माणसाचं बीपी

मावळात कुणालाही विचारून बघा, "तुमचा डॉक्टर कोण?" उत्तरात इमारतीचं नाव येतं. तळेगावचं हॉस्पिटल, सोमाटण्याचं हॉस्पिटल, अगदीच वेळ आली तर चिंचवड. माणसाचं नाव सांगणारे थोडे. हायवेच्या कडेनं दवाखाने उभे राहिले, पण आपलं बीपी गेल्या पावसाळ्यात किती होतं, आपल्या वडलांना शुगर होती का, हे ठाऊक असलेला डॉक्टर बहुतेक घरांना नाही. मला हे धोक्याचं वाटतं.

याच्या मुळाशी आपला एक जुना अभिमान आहे. मावळी माणूस काटक! डोंगर चढतो, दिवसभर चिखलात भात लावतो, अंगावर चरबी औषधालाही नाही. त्याला म्हणावं, "दादा, शुगर तपासून घ्या," तर तो म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" या समजुतीवर पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली बोट ठेवलं. 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आपला आणि इंग्लंडचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा: २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या आत चरबी लपून बसते आणि मधुमेहाला वाट करून देते. त्यात आता डोंगर चढणारे पाय तळेगाव एमआयडीसीत शिफ्टला जातात, तेही मोटारसायकलवर. ताटातला इंद्रायणी भाताचा ढीग तेवढाच राहिला.

लोणावळ्यानं तर याबाबतीत मागे राहायलाच नको. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथं कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया करताना शरीरात काय घडतं ते एक्स-रे काढून, रक्तदाब मोजून पाहिलं. १९२७ मध्ये खुद्द गांधीजींनी रक्तदाबासाठी त्यांचा सल्ला घेतला. अशा गावातला चाळिशीचा दुकानदार छातीत कळ आल्यावर पहिल्यांदा दंडाला पट्टा बांधून घेतो! आणि तुंगार्लीत बंगला बांधून निवृत्त झालेली मंडळी आपला डॉक्टर दादरलाच ठेवून येतात. जुलैत घाटात दरड आली की तो डॉक्टर फोनवरच्या आवाजापुरता उरतो.

वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली शिबिरं होतात. बीपी मोजतात, चिठ्ठी देतात, ती खिशातच विरते. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट कपाटात जातो. मागच्या आकड्याशेजारी आजचा आकडा ठेवून वाचणारं कुणी नसेल तर त्या मोजण्याचा उपयोग काय?

म्हणून डॉक्टर निवडा, आणि धडधाकट असताना निवडा. जवळचा. पावसात, रात्री, दुचाकीवरून पोचता येईल असा. नोंदणी क्रमांक विचारा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आणि विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. तपासायच्या आधी सलाइन टांगणारा नको. इथं दोष आपलाही आहे. "डॉक्टर, एक सुई मारा," हा हट्ट आपणच धरतो, सुई न देणाऱ्याचा दवाखाना बदलतो, मग गावात टिकतात ते सुई देणारेच. "याला औषधाची गरज नाही," असं म्हणायला जो कचरत नाही, आवाक्याबाहेरचं दुखणं ओळखून वेळेत पुढे धाडतो, स्वतः सुट्टीवर जाताना कुणाकडे जायचं ते सांगून ठेवतो, त्याला धरून राहा.

खर्चाचं कारण पुढे करू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी, बायकांची स्तनांची आणि गर्भाशयमुखाचीही, हे सगळं सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताई त्याचा फॉर्म घेऊन दारात येते आणि आपण तिला "नंतर ये," म्हणतो. आंदर मावळात वाडीवाडी चढून येणाऱ्या बाईला असं परत पाठवताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

सगळ्यात जास्त चीड येते ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. त्याची तपासणी किती सोपी आहे! सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघायचं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनं सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. ही तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तरी या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे मात्र बाई लाजते, सासू "कशाला?" म्हणते, नवरा विषयच काढत नाही. घरच्यांना ओळखणारा डॉक्टर असता तर त्यानं तिघांनाही समोर बसवून सांगितलं असतं.

या कॅन्सरवरची लस आता आपल्या पुण्यातच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, २०२३ पासून. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना तिचे दोन डोस पुरतात. तुमची लेक सातवीत असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन या लशीचं विचारा. आणि गेलाच आहात तर बाही वर करून स्वतःचं बीपीही मोजून घ्या.