नाव मोठं, कपॅसिटर छोटा

वर्ध्यात कुणाच्या घरी म्युझिक सिस्टिम आली की शेजारी पहिलं विचारतो, "कोणत्या कंपनीची?" आवाज कसा आहे, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. 'फिलिप्स' म्हटलं की मान डोलते. वडिलांच्या काळातला रेडिओ आठवतो. आता फिलिप्सने ऑडिओचा धंदा २०१४ साली गिब्सन या गिटारवाल्यांना विकला, २०१८ मध्ये गिब्सननेच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ते नाव परवान्यावर टीपीव्ही या कंपनीकडे गेलं, हे त्या डोलणाऱ्या मानेला कोण सांगणार? स्पीकरवाल्या जेबीएलची मालकीही २०१७ पासून सॅमसंगकडे आहे. नाव तेच, घराणं वेगळं. (लग्न जमवताना मात्र आपण सात पिढ्या खणून काढतो.)

शिवाय सिस्टिमच्या आतल्या कपॅसिटरला कंपनीची पाटी वाचता येत नाही. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर. त्यात धूळ बसू नये म्हणून आपण ॲम्प्लिफायरवर भरतकामाचा रुमाल पांघरतो. हवेच्या जाळ्या झाकल्या जातात, पण दिवाणखाना शोभून दिसतो.

मग दुरुस्तीवाला मागचं झाकण काढतो, टोपी फुगलेला कपॅसिटर बोटाने दाखवतो आणि म्हणतो, "कंपनी चांगली आहे जी भाऊ, पार्ट भेटत नाही."

वॉरंटी कार्ड रेशन कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं असतं. त्यावर दुकानाचा शिक्का तेवढा नसतो.