भानगडींचा ग्राफ

सेकंड इयरला डिस्क्रीट मॅथ्स शिकवायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला : "सर, हे प्लेसमेंटला विचारतात का?" कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा घोळ ऑयलरने १७३६ मध्ये निकालात काढला, हे ऐकून पोरांना त्याच्याबद्दल आदर वाटला तो एवढ्यासाठीच, की पायपीट न करता त्याचं काम भागलं.

म्हणून यंदा प्रोजेक्टच दिला : कॉलेजच्या परीक्षेचं वेळापत्रक ग्राफ रंगवून लावा. विषय म्हणजे ठिपका. दोन विषयांना एक जरी विद्यार्थी सामाईक असला, की मध्ये रेघ. रेघेने जोडलेल्यांना एकच रंग चालणार नाही. रंग म्हणजे पेपरची वेळ.

दुसऱ्याच दिवशी एक गट हजर. "झालं सर, चार रंग पुरे." चार रंगांचं प्रमेय १९७६ मध्ये कॉम्प्युटरच्या मदतीने सिद्ध झालंय, मग आपण कशाला डोकं चालवा! अरे, ते प्लॅनर ग्राफचं, रेघांनी एकमेकींना छेदायचं नाही असल्या सभ्य ग्राफचं. इथे पाच पेपरवाला सरळमार्गी विद्यार्थीसुद्धा एकटा पाच रंग खातो.

आणि केटीवाले? थर्ड इयरच्या एका महाशयांचे यंदाचे पाच नि मागचे तीन, असे आठ पेपर निघाले. आठांच्या आपसात २८ रेघा. गेल्या वर्षी माझ्या तासाला कधी न दिसलेला हा गृहस्थ स्वतःचा ग्राफ बघायला वर्गात आला आणि चक्क पहिल्या बाकावर बसला.

रंगवायला सुरुवात कुठून करायची, यावर गाडी अडली. पोरांना परीक्षा विभागातल्या भाऊसाहेबांकडे धाडलं. ते हे काम फूटपट्टी आणि पेन्सिलीने करतात. चष्मा कपाळावर सारत म्हणाले, "ज्या पेपरच्या भानगडी जास्त, तो आधी बसवायचा. बाकीचे बसतात मग." (कमीत कमी रंगांत बसतीलच, ही हमी मात्र नाही, तशी झटपट युक्ती अजून कुणालाच सापडलेली नाही.) वेल्श आणि पॉवेल यांनी १९६७ मध्ये हेच छापलं, असं भाऊसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "त्याचे वेगळे पैसे मिळाले का त्यांना?"

निकाल लागला. महाशयांचा आठांपैकी एकच विषय सुटला, तो डिस्क्रीट. मला जिन्यात गाठून म्हणाला, "सर, अजून तीन सुटले की मी प्लॅनर!"