पायरी नसलेलं दुकान

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जिथून निघतो ते शिवमडका गाव हिंगणा तालुक्यातलं. तिथून ७०१ किलोमीटरवर, भिवंडीजवळच्या आमण्याला, तो संपतो. ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा तुकडा खुला झाला आणि सकाळी हिंगण्याहून निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत समुद्रापाशी पोचू लागला. तोवर हिंगण्यात पाणी म्हणजे वेणा नदी, आणि तीही उन्हाळ्यात पाहावी तर मनाची तयारी करून पाहावी. पण समुद्र आवाक्यात आला की त्यावर तरंगणाऱ्या गोष्टीही येतात. एमआयडीसीतून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्या मंडळी आता क्रूझवर जातात. तिकीट बहुधा पुण्याच्या किंवा न्यू जर्सीच्या मुलानं काढलेलं असतं. पोहणं येत नाही, बोट लागण्याची भीती आहे, तरी काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला: "तिथं घ्याले काय भेटते?"

हा प्रश्न हलका नव्हे. हिंगणेकराचं खरेदीचं शिक्षण नागपूरच्या बर्डी, इतवारी आणि महाल या तीन विद्यापीठांत झालेलं असतं. त्यातला मुख्य धडा एकच. भाव विचारायचा, दुकानदारानं सांगितला की जरा हसायचं, अर्ध्याच्या आसपासचा आकडा बोलायचा आणि तो मान्य नसला तर शांतपणे दुकानाची पायरी उतरायची. तिसऱ्या पावलाला मागून हाक येते, "या जी ताई, घेऊन जा." ती आली नाही तर आपला आकडा फारच खाली गेला होता असं समजायचं आणि शेजारच्या दुकानात तो जरासा वाढवून बोलायचा. या व्यवहारात बोलण्याला फार किंमत नाही, सगळी मदार पायांवर.

जहाजावर नेमकी पायांचीच पंचाईत होते. काकू दुकानातून तणतणत बाहेर पडतात ते घड्याळांच्या दुकानात. तिथून बाहेर पडतात ते अत्तरांच्या दुकानात. त्याच्याही बाहेर पडलं की कठडा, आणि कठड्यापलीकडे अरबी समुद्र. मागून कोणी हाक मारत नाही. दुकानदाराला ठाऊक असतं, गिऱ्हाईक जेवायला याच मजल्यावरून जाणार आहे. रॉयल कॅरिबियननं १९९९ साली 'व्हॉयेजर ऑफ द सीज' या जहाजाच्या पोटात चक्क एक रस्ताच बांधला, दोन्ही बाजूंना दुकानं असलेला. तेव्हापासून मोठ्या जहाजांची तीच रीत पडली. बर्डीचा मेन रोड उचलून समुद्रात सोडावा आणि फक्त घरी जाणारे ऑटो काढून घ्यावेत, असा तो प्रकार.

आणखी एक गोष्ट हिंगणेकराला पहिल्या दिवशी बुचकळ्यात टाकते. परदेशाच्या फेरीवर जहाज धक्क्याला असेपर्यंत दुकानं बंद. शटर ओढलेलं, आत दिवे मंद. माणूस बंदरात पाय मोकळे करून परत येतो तरी बंद. जहाज किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे बावीसेक किलोमीटर दूर गेलं की मग लखलखाट. कारण करमाफी. बंदरात विकलेल्या मालावर त्या देशाचा कर लागतो, त्याच्या हद्दीबाहेर विकलेल्यावर लागत नाही. हे गणित समजावून सांगायला मुंबईकराला नकाशा लागेल, हिंगणेकराला लागत नाही. त्याच्या तालुक्याची हद्द वर्धा जिल्ह्याला लागते आणि वर्ध्यात कित्येक दशकं दारूबंदी आहे. सीमेच्या अलीकडे काय चालतं, पलीकडे काय चालत नाही आणि मधल्या दगडापाशी गाड्या का थांबतात, हे तो लहानपणापासून बघत आला आहे.

या हद्दीच्या खेळात युरोपनं तर कमाल केली. १ जुलै १९९९ ला युरोपीय संघानं सदस्य देशांमधल्या प्रवासावरची करमुक्त विक्री बंद केली. स्टॉकहोम-हेलसिंकी जहाजांचं दुकान त्यावर चालायचं. पण वाटेत ऑलंड नावाची बेटं आहेत. ती फिनलंडची असूनही संघाच्या करव्यवस्थेबाहेर आहेत. तेव्हा ही भलीमोठी जहाजं आजही रात्री-अपरात्री, प्रवासी घोरत असताना, तिथल्या मारिएहामनसारख्या धक्क्याला थोडा वेळ लागतात आणि पुढे निघतात. उतरणारे थोडे, चढणारे थोडे. पण जहाज 'बाहेर' जाऊन आलेलं असतं आणि बिअरच्या पेट्या करमुक्त राहतात. एवढं अवजड वळण निव्वळ पावतीसाठी घेतलं जातं हे कळल्यावर समस्त व्यापारी जातीबद्दल आदर वाटू लागतो.

आपल्याकडे याच विषयावर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये ८७ वं कलम आहे. आयात केलेला जहाजावरचा साठा शुल्काविना वापरता येतो, पण जहाज परदेशगामी असेपर्यंतच. मुंबईहून गोव्याला जाणारं जहाज कितीही झगमगलं तरी परदेशगामी होत नाही. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागलेलं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे १९९० सालचं जहाज, 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं जन्मलेलं. कॅरिबियनमध्ये उमेदीची वर्षं काढून ते आपल्याकडे आलं. त्यावर बसून "ड्युटी फ्री कुठं आहे जी?" असं विचारणाऱ्याला कायदा उत्तर देतो की बाबा, तू अजून घरच्याच अंगणात आहेस. आणि लक्षद्वीपला उतरावं, तर बंगाराम बेट सोडून सगळीकडे दारूबंदी. वर्ध्याची आठवण येऊन हिंगणेकराला तिथं अगदी घरच्यासारखं वाटतं.

मग जहाजावर घ्यावं काय? परदेशी फेरीवर दारू, सिगारेट, अत्तर यांचा भाव किनाऱ्यापेक्षा बरा असतो, कारण मुळात या मालावर करच जास्त. पण बाटली घेतली म्हणून ती हातात मिळेल असं नाही. बऱ्याच जहाजांवर ती पावती करून ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री खोलीवर पोचवतात, नाहीतर बारमध्ये कोण बसणार? उलट टूथपेस्ट, डोकेदुखीची गोळी, मोबाइलची पिन यांचे भाव ऐकून डोकेदुखी वाढते. घरी विसरलेल्या वस्तूइतकी महाग वस्तू जगात नाही आणि जहाजाला हे पक्कं माहीत आहे. त्यात पैसे रोख द्यायचे नाहीत. खोलीचं दार उघडणारं कार्ड तेच खर्चाचं कार्ड. टेकवलं की झालं. हिशेब समजतो शेवटच्या सकाळी, दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या कागदावर. तो वाचून काका चष्मा पुसतात आणि पुन्हा वाचतात.

पण जहाजावरचा खरा तमाशा म्हणजे इंचावर विकलं जाणारं सोनं. अनेक जहाजांवर हा कार्यक्रम असतो. गल्लीच्या मधोमध टेबल मांडतात, त्यावर साखळ्यांची रिळं: दोरखंडासारखी पिळाची, चपटी, माशाच्या काट्यासारखी. मुलगी हसतमुखानं रीळ सोडते, गळ्याभोवती किंवा मनगटाभोवती माप घेते, कात्रीनं टक्कन कापते आणि टोकाला फासा लावून देते. भाव इंचाला. टेबलाभोवती झुंबड.

इथं इतवारीच्या सराफ्यात वाढलेल्या काकूंची आणि जगाच्या रिवाजाची टक्कर होते. सोनं तोळ्यावर असतं, ग्रॅमवर असतं. ब्लाउजपीसच्या लेससारखं इंचावर कसं असेल? त्या साखळी तळहातावर घेतात. वजन पाहण्याची ही सराफ्याची जुनी पद्धत, तळहात किंचित वरखाली करायचा. साखळी जागची हलते, पण हाताला काही जाणवत नाही.

"मजुरी किती?"

मुलगी हसते.

"बरं, मोडाले आणलं त किती तूट?"

मुलगी आणखी हसते आणि अठरा इंचाला चांगला भाव देईन म्हणते. साखळी मुलाम्याची. असं कुठेतरी लिहिलेलंही असतं, पण रिळाच्या चकाकीपुढे पाटी कोण वाचतो? काकू मात्र घेतात. बारा जणींना वाटायला बारा मनगटांची. सोनं म्हणून नव्हे, 'जहाजावरची' म्हणून. या विशेषणाचा भाव इंचात मोजत नाहीत.

बंदरात उतरलं की वाटतं, आता पायरी मिळाली. पण तिथला बंदोबस्त जहाजानं आधीच केलेला असतो. कॅरिबियन फेऱ्यांवर आदल्या दिवशी सभागृहात खरेदीवर व्याख्यान होतं, नकाशा वाटतात, त्यात 'शिफारस केलेली' दुकानं ठळक छापलेली. ती दुकानं या शिफारशीचे पैसे मोजतात. मुलानं आईवडिलांना न्यू जर्सीहून विमानानं फ्लोरिडाला नेऊन तिथून जहाजात बसवलेलं असतं. नकाशा हातात घेऊन मंडळी सेंट मार्टिन बेटावर फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर उतरतात. जिकडे पाहावं तिकडे हिरे, घड्याळं, कॅमेरे. आणि गल्ल्यावर बसलेला माणूस सिंधी. हे गमतीनं लिहिलेलं नाही, त्या रस्त्यावरचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या सिंधी कुटुंबांनी सांभाळला आहे. त्यानं हिंदीत "कहाँ से?" विचारावं, काकांनी "नागपूर" म्हणावं आणि त्याचे कोणी नातेवाईक जरीपटक्यात निघावेत, यात नवल ते काय. फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांनीच जरीपटका वसवला.

तिथं टांझानाइट नावाचा निळाजांभळा खडा पुढे करतात. तो १९६७ साली टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याच्या मेरेलानी टेकड्यांत सापडला. जगात दुसरीकडे कुठेच निघत नाही. पुढच्या वर्षी टिफनी कंपनीनं त्याचं बारसं केलं. व्याख्यानात हे सगळं सांगतात, आणि खडा एक दिवस संपणार हेही. मात्र एक गोष्ट सांगायची राहते. या खड्यांना पैलू पाडण्याचं मोठं काम जयपूरला चालतं. म्हणजे खडा आफ्रिकेतून राजस्थानात, राजस्थानातून कॅरिबियनमध्ये आणि तिथून एका निवृत्त फोरमनच्या खिशात बसून नागपूरला. नागपूरहून जयपूरला रेल्वेनं जाता येतं, पण ते कोण ऐकणार!

इथं घासाघीस चालते, पायरीही आहे. फक्त दुकानदाराला खिडकीतून जहाजाचं धुराडं दिसत असतं. प्रवाशानं किती वाजता परतायचं ते त्याला प्रवाशाइतकंच पाठ. स्वतःच्या जबाबदारीवर भटकणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. दुपारी तो निवांत असतो. शेवटच्या तासात मात्र दोघंही घाईत येतात आणि काकूंचा आकडा पहिल्यांदा ऐकून घेतला जातो.

विमानं सर्रास होण्याआधी मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटी, लॉइड त्रिएस्तिनोची 'व्हिक्टोरिया' आणि 'एशिया' किंवा पी अँड ओच्या, एडन आणि पोर्ट सैदला लागायच्या. एडन १८५० पासून खुलं बंदर, आणि तिथला कारभार कित्येक दशकं मुंबई इलाख्याकडे. घड्याळ, रेडिओ, कॅमेरा एडनला घ्यायचा हा अलिखित नियम होता. पोर्ट सैदला तर उतरायचीही गरज नसे. होडीवाले बोटीच्या कुशीला येऊन उभे राहत, वर दोर फेकत. दोराला टोपली. कठड्यावरून ओरडून भाव ठरायचा, टोपलीतून चामड्याची पिशवी वर यायची, ती चाचपून पाहायची, पैसे टोपलीतून खाली जायचे. विक्रेता पाण्यावर, गिऱ्हाईक आकाशात, मध्ये दोर. पिशवी वर आली आणि पैसे खाली जाण्याआधी भोंगा झाला तर दोन्हीकडे जी धांदल उडत असेल, ती आजच्या कार्ड टेकवण्यात नाही.

मराठी पर्यटकाचं खरं खरेदीचं तीर्थ मात्र ना जहाजावर ना धक्क्यावर. ते सिंगापूरच्या लिटल इंडियात, सय्यद अलवी रोडवर आहे: मुस्तफा सेंटर. सिंगापूरची क्रूझ केलेल्या माणसाला जहाजाचं नाव आठवणार नाही, मुस्तफाचे मजले आठवतील. करोनापूर्वी ते चोवीस तास उघडं असे. रात्री दोन वाजता सहलीतली माणसं तिथं टायगर बामच्या फळीपाशी एकमेकांना भेटत. गंमत अशी की तिथं भाव ठरलेले, घासाघीस नाही. पण लिहिलेला भावच असा असतो की काकू आपली विद्या गुंडाळून ठेवतात आणि ढकलगाडी पुढे लोटतात. किमान शंभर सिंगापूर डॉलरची खरेदी झाली की पर्यटकाला तिथला ९ टक्के कर परत मागता येतो. त्यातही मेख आहे. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझवर चढताना हा कर मिळत नाही, मायदेशाचं विमान पकडताना चांगी विमानतळावर मिळतो. म्हणून मुस्तफा आधी की क्रूझ आधी, यावर हिंगण्यातल्या अनेक बैठकांत गंभीर चर्चा होते. आधी मुस्तफा केलं तर माल जहाजभर सांभाळा, नंतर केलं तर वेळ पुरणार नाही.

जहाजावर सामान तोलत नाहीत ही सवय त्यात घात करते. पिशव्या फुगत जातात, कोणी काही म्हणत नाही. मुंबईत उतरून नागपूरच्या वेगळ्या तिकिटाच्या विमानापाशी आलं की बहुतेक कंपन्यांची १५ किलोची मर्यादा अचानक आठवते. विमानतळाच्या चकचकीत फरशीवर बॅग उघडून बसलेलं कुटुंब पाहिलंत तर ते क्रूझवरून आलंय असं खुशाल समजावं. काका तीन शर्ट एकावर एक घालतात. चॉकलेटं खिशांत जातात. बामच्या बरण्या पर्समध्ये. तरी काटा सतरावर. मग तळाशी एक जड डबा सापडतो, घरून निघताना नेलेला, झाकणाला रबर लावलेला, जसाच्या तसा. चिवडा.

"हा काहून परत आणला?" काका विचारतात.

"जहाजावर कोणी खाऊ देते का मंग? बुफे होता ना पाच टाईम."

काउंटरवरची मुलगी वाट पाहत असते. काकू डबा उघडून तिच्यापुढे धरतात. "घे वो बाई, तू खाऊन पाय. दोन किलो कमी कर."