काजळीदहनार्थ लोणावळा

पुण्याहून लोणावळ्यास जाण्याची कारणे परंपरेने पाऊस, चिक्की आणि मुंबईचे पाहुणे एवढीच होती. १ एप्रिल २०२० रोजी देशभर बीएस-६ ही प्रदूषणमानके लागू झाल्यापासून त्यांत चौथ्या कारणाची भर पडली असून, ते गाडीत बसलेल्या कोणाचेही नव्हे, तर खुद्द गाडीचे असते. पाचवी इयत्ता गाळून चौथीतून थेट सहावीत चढवलेल्या डिझेल मोटारींना धूर गाळल्याखेरीज बाहेर सोडता येईना, आणि त्यासाठी एक्झॉस्टच्या मार्गात जो डबा बसवण्यात आला त्यास डीपीएफ, म्हणजे धुरातील सूक्ष्म कण अडवणारा फिल्टर, असे म्हणतात. त्याच्या पोटात सच्छिद्र सिरॅमिकचा ठोकळा असून त्यातून असंख्य अरुंद बोगदे काढलेले असतात. एका बोगद्याचे पुढचे तोंड उघडे व मागचे बुजवलेले, तर शेजारच्याचे नेमके उलटे असल्यामुळे आत शिरलेल्या धुराला मधल्या भिंतीतून पाझरल्यावाचून सुटका नसते आणि काजळी तेवढी भिंतीला चिकटून मागे राहते.

ही साठलेली काजळी जाळून बोगदे मोकळे करण्याच्या क्रियेस रिजनरेशन असे नाव आहे. मोटार लांब पल्ल्याला वेगाने धावत असेल तर एक्झॉस्टच्या उष्णतेने ती थोडीथोडी आपोआप होत राहते; तसे न घडल्यास इंजिनाचा संगणक जादा डिझेल उशिराने सोडतो, ते फिल्टरच्या अलीकडील कॅटॅलिस्टमध्ये जळून तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसवर नेते आणि काजळी भस्म होते. मात्र त्यासाठी साधारणतः सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी पळती राहावी लागते, आणि सलग पंधरा-वीस मिनिटे हा कालावधी पुण्यात केवळ सिग्नलला उभे राहण्यासाठीच उपलब्ध असतो. कोथरूडच्या गृहस्थाने सह्याद्री पालथा घालण्याच्या ईर्षेने घेतलेली दणकट गाडी प्रत्यक्षात डेक्कन, मंडई आणि मुलांचा क्लास या त्रिस्थळी यात्रेतच फिरत राहते, इंजिन तापते न तापते तोच बंद होते, फिल्टरच्या पुढील व मागील दाबांतला फरक सेन्सरच्या डोळ्यांवर येऊ लागतो आणि एके दिवशी डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागतो. त्या दिवशी गाडीची माहितीपुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून प्रथमच बाहेर निघते. ताशी ६० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने, शक्यतो न थांबता, गाडी चालवावी, अशा आशयाचा तिचा उपदेश वाचून गृहस्थ एकट्याने पहाटे निघून तासाभरात परतण्याचा बेत करतात. आणि येथवर सारे काही शास्त्रानुसार चाललेले असते.

तथापि मराठी कुटुंबात रिकामी गाडी गावाबाहेर नेणे हे पाप मानले जात असल्याने ‘जाताच आहात तर’ या सूत्राचा अंमल सुरू होतो. जाताच आहात तर सासूबाईंना तळेगावच्या मावशींकडे डोकावता येईल, मावशींकडचा लोणच्याचा रिकामा सट परत आणता येईल, मेव्हण्यास किवळ्यापर्यंत सोडता येईल (तो पुढे उतरत नाही, हे निराळे), आणि मुलांना वडापाव खाता येईल. फिल्टरला न थांबणे हवे असते आणि कुटुंबाला थांबण्यापलीकडे काहीच नको असते. या प्रवासातील सर्व नाट्य याच विरोधातून उद्भवते. पहाटेचा बेत नाश्त्यामुळे नऊवर जातो, चांदणी चौक, बाणेर आणि वाकड या टप्प्यांत काजळी जळण्याऐवजी वाढते, आणि किवळ्यापाशी द्रुतगती मार्ग लागेपर्यंत दिव्याकडे पाहून गृहस्थांचा चेहरा त्याच रंगाचा झालेला असतो.

उर्से टोलनाका ओलांडल्यावर मात्र गाडी वेग धरते, आणि कामशेतच्या बोगद्याच्या सुमारास बोनेटखाली अपेक्षित कार्य चालू झाल्याची लक्षणे दिसू लागतात: क्षणोक्षणीचे अॅव्हरेज दाखवणारा आकडा एकाएकी कोसळतो आणि गाडीत करपट, उष्ण वास पसरतो. वाहनशास्त्राच्या दृष्टीने हा वास मंगलसूचक होय. परंतु करपल्याचा वास आला असता सासूबाई त्याचा संबंध फिल्टरशी जोडत नाहीत.

“गॅस बंद केला होता ना गं?”

या एका प्रश्नाने पाच माणसांची स्मरणशक्ती एकदम नाहीशी होते. गाडी बाजूला घ्या, असा आग्रह सुरू होतो. बाजूला घेतल्यास रिजनरेशन अर्धवट राहील, आणि असे वारंवार घडल्यास न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करील, हे गृहस्थ ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता समजावून सांगतात. (डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली पाहून आनंदणारे वाहनमालकही आढळतात.) अखेर शेजारच्या काकूंना फोन करून किल्ली घेऊन वर जाण्याची विनंती केली जाते, आणि गॅस बंद आहे पण बाथरूमचा गीझर चालू होता, असे वर्तमान येते. तेवढ्यात पिवळा दिवा मालवलेला असतो. त्याकडे कोणाचेही लक्ष नसते, कारण गीझर कोणी चालू ठेवला हा विषय आता लोणावळ्यापर्यंत पुरणार असतो. तळेगावच्या मावशींचे गाव मागे पडल्याचेही तेव्हाच उघड होते.

लोणावळ्यास गाडी थांबल्यानंतरही रेडिएटरचा पंखा काही काळ घोंघावत राहणे संभवते, व त्यात बिघाड नसतो. तापलेल्या एक्झॉस्टमुळे वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये ही पुस्तिकेतील सूचना मात्र गंभीरपणे घ्यावी लागते, म्हणून सावलीची जागा सोडून उन्हात, डांबरावर वडापाव खाल्ला जातो. मेव्हण्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक हा सारा खटाटोप वाचवण्यासाठी फिल्टरच्या आतला ठोकळाच काढून देण्यास तयार असतो. हा उपाय बेकायदेशीर असून त्याने काजळी नाहीशी न होता मागच्या दुचाकीस्वाराच्या फुप्फुसात जाते, ही बाब तो हिशेबात धरत नाही. खरी मर्यादा निराळीच आहे: काजळी जळते, परंतु इंजिन ऑइलमधील रसायनांची राख कोणत्याही घाटात जळत नाही, ती वर्षानुवर्षे साचत जाते, आणि म्हणूनच या गाड्यांना कमी राख सोडणारे विशिष्ट ऑइल वापरावे लागते. त्यापुढे वर्कशॉपमध्ये फिल्टर काढून धुणे किंवा नवा बसवणे एवढेच मार्ग उरतात, आणि नव्याची किंमत ऐकल्यावर लोणावळा स्वस्त वाटू लागते.

परतीच्या वाटेवर मावशींचा सट आणला जातो. पुढील खेपेस साताऱ्याचा रस्ता घ्यावा असे ठरते, कारण खंबाटकीच्या चढावर इंजिनास चांगला भार पडून एक्झॉस्ट लवकर तापतो असे मेव्हण्याचे म्हणणे असते, आणि सासूबाईंच्या मते घरातले कंदी पेढे तसेही संपत आलेले असतात.